डावखुऱ्या हाताची गाठ

कोपरीचा महिपत जन्माचा डावखुरा. आईनं लहानपणी त्याच्या डाव्या हातावर पळीनं फटके मारून पाहिले, धाक घातला, लाडीगोडी लावली, पण पठ्ठ्या बधेल तर शपथ! शेवटी मायलेकांत तह झाला: जेवायचं तेवढं उजव्यानं, बाकीचं काय वाटेल ते कर. पुढं त्यानं परांच्या बांधायचं काम धरलं आणि त्याच डाव्या हातानं त्याचं नाव केलं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठंही परांची उभी असली, तरी जाणता माणूस खालून नुसतं बघून सांगायचा, ही गाठ महिपतची. सगळ्यांचे वेढे उजवीकडून फिरत, ह्याचे एकट्याचे डावीकडून.

परांची म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. इमारत उठताना भोवती बांबूंचा जो सांगाडा बांधतात, ज्यावर उभा राहून गवंडी भिंत चढवतो, ती. इमारत पुरी झाली की ती उतरवतात. शेटचं नाव पाटीवर लागतं, गवंडी आपल्या पोराला भिंत दाखवतो, आणि परांचीवाल्यानं दाखवायचं काय? मोकळी हवा! म्हणून कोपरीच्या टोळीनं आपला मान आपणच राखला होता. खंडेनवमीला गावाच्या मैदानात एक उभा बांबू रोवायचे. जो तो त्यावर आपली गाठ मारायचा, आणि कामावर मेलेल्या माणसाच्या नावानं घरच्यांनी गाठ मारून नारळ फोडायचा. एवढाच तो मान.

पण त्यालाही कायदा होता, आणि तो कडक होता. जो आपल्याच कच्च्या गाठीनं पडला, त्याचं नाव त्या बांबूपाशी घ्यायचं नाही. आणि ज्याच्या गाठीनं दुसरा मेला, त्यानं पुन्हा जन्मात दोर हातात धरायचा नाही. मुकादम काळुराम ह्या बाबतीत बापालाही ओळखत नसे.

महिपतचा धाकटा भाऊ पोपट. नावासारखाच बडबड्या, गाणी म्हणत बांबूवर चालणारा. त्याची बायको रतन कोलशेतची, मिठागरावरच्या घरातली, बोलायला मोजकी आणि कामाला वाघ. टोळीचा सुंभ भिजवायचं काम तिच्याकडं होतं. काथ्याचा सुंभ कोरडा बांधला तर तो ताठ राहतो, बांबूला धरत नाही. रात्रभर भिजवून बांधला आणि उन्हात वाळला, की असा आवळतो की कोयत्यानंच सुटेल. हे टोळीतलं शेंबडं पोरही जाणून होतं. रतन रोज संध्याकाळी पीप भरायची, सुंभाच्या गुंडाळ्या त्यात दाबायची आणि वर धोंडा ठेवायची.

तिकडं अमेरिकेत कुठंतरी लढाई जुंपली आणि इकडं कापसाला सोन्याचा भाव आला. कालपर्यंत पोती मोजणारे लोक बग्गीतून हिंडू लागले. कल्याणचा नारणशेट मूळचा तांदळाचा व्यापारी, तोही कापसात उतरला आणि बघता बघता गबर झाला. मग त्याच्या डोक्यात आलं की खाडीच्या बंदरावर एक मनोरा बांधायचा. भिवंडीहून दिसला पाहिजे, आगगाडीतून दिसला पाहिजे, गलबतावरच्या तांडेलाला दिसला पाहिजे. कशासाठी? देवासाठी नाही, घड्याळासाठी नाही, कुणी राहायलाही जायचं नव्हतं. नुसता दिसण्यासाठी! पैसा अंगात आला की माणूस काय करील सांगता येत नाही.

मनोऱ्याचा नकाशा ठाण्याच्या डॉमनिक मेस्त्रीनं काढला. किरिस्तांव घरातला माणूस, मुंबईत साहेबांच्या हाताखाली शिकलेला, आणि डोकं चालायचं भलतीकडंच. त्यानं सात मजले काढले, प्रत्येक वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा आत घेतलेला, म्हणजे लांबून बघावं तर आभाळात पायऱ्या गेल्यात असं वाटावं. मोर नाही, कमळ नाही, वेलबुट्टी नाही. खालपासून वरपर्यंत सरळ उभ्या पट्ट्या, एक काळ्या दगडाची आणि एक पांढऱ्याची. कोपऱ्यांवर नागमोडी रेघा, खिडक्या तिकोनी. लोक येता-जाता तोंडावर हात ठेवून हसायचे. हे देऊळ नाही, मशीद नाही, इगर्जी नाही, हे आहे तरी काय? डॉमनिक म्हणायचा, "हसा बाबांनो. तुमच्या नातवंडांना आवडंल." पुढं साठ-सत्तर वर्षांनी मुंबईच्या समुद्राकाठी तसल्याच पायऱ्या-पट्ट्यांच्या इमारती उठल्या, तेव्हा डॉमनिकची आठवण काढणारं कुणी उरलं नव्हतं.

कोपरीची टोळी बायकामुलांसकट कल्याणला आली. बंदराजवळ झोपड्या घातल्या. सहा मजले दगडात चढले, मध्ये वरपर्यंत मोकळी विहीर ठेवलेली, त्यातून रहाटानं दगड ओढायचे. सातवा बांधून होतोय तोच बातमी आली: ठाण्याला खाडीकाठी एक दलाल मनोरा बांधतोय आणि तो नारणशेटच्यापेक्षा दोन हात उंच आहे. झालं! शेटला जेवण जाईना. डॉमनिकनं मग तोड काढली. मनोऱ्याच्या आतच, कुणाला पत्ता न लागू देता, तांब्याच्या पत्र्याचा अर्धा सूर्य जोडायचा, त्याला वर सुळकेदार किरणं. ठाण्यावाला आपला माथा पुरा करून मोकळा झाला, की एका दिवसात तो सूर्य छपरातल्या भोकातून वर काढून बसवायचा. मग त्यानं बसावं बोटं मोडत.

महिनाभर आत ठोकाठोक चालली. बाहेर सांगायचे, घंटा बनतेय. आणि एके दिवशी सकाळी शेटचा माणूस धावत आला. ठाण्याला काल पेढे वाटले. आज, म्हणजे आजच सूर्य वर गेला पाहिजे.

सूर्य चढवायला सातव्या मजल्याच्या आत, विहिरीच्या तोंडावर, आणखी एक परांची लागणार होती. भिजलेला सुंभ आदल्या दिवशीच संपलेला. काम संपत आलं म्हणून संध्याकाळी पीप भरलं नव्हतं, आणि सकाळी घाईनं टाकलेला अजून नीट ओला झाला नव्हता. महिपतनं कोपऱ्यातल्या नव्या, करकरीत कोरड्या गुंडाळ्या उचलल्या.

पोपट म्हणाला, "दादा, सुंभ कोरडा हाय."

"एक दिसाची परांची रे. उद्या आपणच सोडणार. काय होतंय?"

"मुकादम बघंल."

"मुकादम खाली हाय. चल, शेटचा जीव चाललाय."

पोपटनं मान डोलावली, पण त्याला काही ते पटलं नाही. वर नेलेलं प्यायच्या पाण्याचं मडकं होतं, त्यात त्यानं आपल्या वाटचा सुंभ बुचकळला आणि ओलाच बांधायला घेतला. महिपत हसला. "आता पानी काय सुंभाचं पिऊ?" म्हणाला. दोघांनी मिळून बांबू आडवे चढवले. एक टोक हा बांधी, दुसरं तो. घाई इतकी की कुठल्या बांबूला कोण कुठल्या टोकाला होता, हे त्यांचं त्यांनाही ध्यानात राहिलं नाही.

दिवस कलताना सूर्य अर्धा वर निघाला होता. दोर अडकला म्हणून पोपट आतल्या एका आडव्या बांबूवर गेला. खालून लोकांनी एवढंच बघितलं की बांबूचं एक टोक सुटलं आणि पोपट विहिरीतून सरळ खाली आला. सात मजले. गाणंही अर्ध्यात राहिलं त्याचं. त्यानंतरचं सांगण्यासारखं नाही.

काळुराम मुकादमानं वर बघितलं. बांबू एका टोकाला लटकत होता. त्यानं महिपतला विचारलं, "सुटलं ते टोक कुणाचं?"

समोर भाऊ पडलेला, आणि हा म्हातारा टोकं विचारतोय! पण प्रश्न टोळीचा होता, उत्तर द्यायलाच हवं होतं. आपली गाठ सुटेल हे महिपतच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. उभ्या आयुष्यात सुटली नव्हती. तो म्हणाला, "पोपटचं." खोटं बोलतोय असं त्याला त्या घडीला वाटलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मडक्याचं त्याला आठवायचंच नव्हतं, आणि जे आठवायचं नसतं ते माणूस बरोबर विसरतो.

सकाळी वर जाऊन बघू म्हणाला काळुराम. पण सकाळी शेटनं दाराला कुलूप घातलं, सूर्याची गोष्ट फुटू नये म्हणून. आणि चार दिवसांत तिकडची लढाई संपल्याची बातमी आली. कापूस कोसळला, मुंबईत पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या आणि नारणशेट एका पहाटे घरातून गेला तो गेलाच. सरकारनं मनोऱ्याला सील ठोकलं, पहारा बसवला. अर्धा सूर्य छपरातून डोकं काढून तसाच राहिला. ठाण्यावाल्याचीही तीच गत झाली. जिंकलं कुणीच नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला रतन मैदानात आली. हातात नारळ होता. काळुरामनं मान खाली घालून सांगितलं, "पोरी, नारळ घरी ने. तो आपल्या गाठीनं गेला."

रतननं पदर पुढं ओढला. "त्यांची गाठ सुटनार नाय."

"कशावरून?"

"वर जा आनि बघा."

"वर कोण जाऊ देतंय? सरकारचं सील हाय."

ती नारळ घेऊन परत गेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. तिसऱ्या वर्षी पुन्हा. तेच बोलणं, तेच उत्तर. तिच्या जातीत पाट लावायची मुभा होती, माहेरच्यांनी दोन ठिकाणं पाहिलीही. तिनं सांगितलं, आधी नारळ फुटू दे. ती महिपतच्याच घरी राहिली, त्याच्या पोरांना न्हाऊमाखू घालत, त्याचा सुंभ भिजवत. महिपत कामाला निघाला की ती ओली गुंडाळी त्याच्या पुढ्यात ठेवायची, आणि तो तिच्याकडं न बघता ती उचलायचा. असं घर चालत होतं.

दहा-अकरा वर्षं गेली. बाहेरची परांची पावसानं कुजून कधीच कोसळली होती. मग एकदा सरकारनं मनोरा लिलावात काढला. एका ठेकेदारानं तो पाडून दगड पुलाला विकायचं ठरवलं, आणि आतली परांची उतरवायला कोपरीची टोळी बोलावली. छपराखाली राहिल्यामुळं ती जशीच्या तशी होती. काळुराम आता थकला होता, काठी टेकत आला. महिपतला बाजूला घेऊन म्हणाला, "हे काम झालं की मुकादमी तुज्याकडं. आनि वर गेलास की बघून ये. त्या पोरीला एकदाचं काय ते सांगून टाकू."

रतनही आली होती. मनोऱ्याच्या दाराशी उभी राहिली, बरोबर जुनंच मडकं, पाण्यानं भरलेलं.

महिपत दगडी जिन्यानं चढला. सहाव्या मजल्यापर्यंत वाघळांची घाण आणि अंधार. सातव्यावर तिकोनी खिडक्यांतून ऊन येत होतं आणि तांब्याच्या सूर्याची खालची कड हिरवी पडलेली दिसत होती. समोर तो बांबू. एका टोकाला लटकत होता, दहा-अकरा वर्षं तसाच. ज्या गाठीवर लटकत होता ती उजव्या वेढ्यांची होती, दगडासारखी घट्ट, शेवट दोनदा खोचलेला. पोपट नेहमी दोनदा खोचायचा.

महिपत दुसऱ्या बाजूला गेला. तिथल्या उभ्या बांबूवर सुंभाचे वेढे सैल होऊन खाली घसरले होते. कोरडे, ताठ, जसे बांधले तसे. डावीकडून फिरलेले.

तो तिथंच खाली बसला. हात लावून बघायची गरज नव्हती, तरी त्यानं लावला. त्याला मडकं आठवलं. "आता पानी काय सुंभाचं पिऊ?" हे आपलंच बोलणं ऐकू आलं. तो रडला, मोठ्यानं रडला, छातीवर बुक्क्या मारून घेतल्या. ऐकायला वाघळं होती. पोपट्या, माज्या राजा, असं काहीबाही बोलला. खाली जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, असं त्यानं ठरवलं. रतनच्या पायावर डोकं ठेवायचं आणि दोर कायमचा खाली ठेवायचा.

मग त्यानं काम केलं. आधी पोपटची गाठ सोडली. सुटता सुटेना, नखं तुटली. मग आपले वेढे उतरवले आणि खिडकीतून खाडीत फेकले. ते का फेकले, हे त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. एकेक बांबू खाली सोडत तो जिना उतरला, आणि प्रत्येक मजल्यावर त्याचं ठरवलेलं थोडं थोडं पातळ होत गेलं. घरात खाणारी सात तोंडं. दोर सोडला तर येतं काय आपल्याला? मिठागरावर बोजे वाहायचे, ह्या वयात? आणि रतनही त्याच सात तोंडांतली. पोपट आता परत थोडाच येणार होता?

दारात ऊन लागून त्याचे डोळे मिटले. काळुराम, टोळी, ठेकेदार, सगळे गोळा झाले होते. काळुरामनं विचारलं, "कुणाची?"

महिपत म्हणाला, "पोपटचीच."

काळुरामनं सुस्कारा टाकला. "चला. संपला विषय." कुणीतरी महिपतच्या पाठीवर हात ठेवला. रतननं मडकं खाली ठेवलं, पदर खोचला आणि स्टेशनाच्या रस्त्यानं चालू लागली.

संध्याकाळी महिपत कोपरीला पोचला तर ती आपलं गाठोडं बांधून ओट्यावर बसली होती. अंगणातलं पीप उपडं केलेलं होतं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघून बोलली.

"त्या दिशी त्यांचं मडकं कुनीतरी झोपडीवर आनून दिलं, भावजी. पान्यात काथ्याची कुसळं व्हती. त्यांनी सुंभ भिजवला व्हता. तुमी नाय."

महिपतनं विचारलं, "तुला ठावं व्हतं? मंग बोलली का नाय?"

"माज्या बोलन्यावर कोन इस्वास ठेवंल? बायकोच ती. तुमी वर जाल, बघाल, आनि सोताच्या तोंडानं सांगाल, म्हनून ऱ्हायले मी ह्या घरात. आता कशाला ऱ्हाऊ?"

ती कोलशेतला गेली. महिपत मुकादम झाला. मनोरा पडला, दगड पुलाला लागले, आणि सूर्याच्या तांब्याचे कल्याणच्या तांबटांनी हंडे केले. आज त्या जागेवर कुणी तुम्हाला बोट दाखवून सांगणार नाही की इथं काही उंच होतं.

महिपतचं पुढचं आयुष्य चांगलं गेलं, असं गावानं म्हटलं असतं. पोरींची लग्नं झाली, घरावर कौलं आली. पण तो परांचीवर चढेनासा झाला. खालून ओरडायचा, प्रत्येक गुंडाळी हातात घेऊन पिळून बघायचा आणि सुंभ जरा कोरडा लागला की माणसाच्या अंगावर धावून जायचा. लोक म्हणायचे, मुकादम असावा तर असा. काळुराम गेला. टोळीतले जुने एकेक करून गेले, कुणी तापानं, कुणी म्हातारपणानं. दोघंतिघं मुंबईला गिरणीत लागले. नवी माणसं घाटावरून आली. त्यांना डावं-उजवं काही नव्हतं, ठेकेदार देईल तो दोर, देईल तशी गाठ. खंडेनवमी ते करायचे, पण पेढ्यांपुरती.

महिपतचे दात पडले, नजर गेली, तेव्हा एका खंडेनवमीला तो काठी टेकत मैदानात आला. हातात नारळ. बांबूजवळ उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोपट आपल्या गाठीनं गेला नव्हता. माज्या गाठीनं गेला. मी कोरडा सुंभ बांधला. मी खोटं बोललो."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एकानं विचारलं, "कोण पोपट, आजोबा?"

"माजा भाऊ. कल्यानच्या मनोऱ्यात."

"कल्याणला कुठं मनोरा आहे?"

नवा मुकादम भला माणूस होता. त्यानं म्हाताऱ्याला धरून बसवलं. "फोडा की नारळ, काका. एक काय, दोन फोडा. कोण नाही म्हणतंय?" महिपतनं नारळ फोडला. पोरं खोबऱ्याचे तुकडे उचलून पांगली.

दुसऱ्या दिवशी तो बैलगाडीत बसून कोलशेतला गेला. रतन मिठागराच्या बांधावरच्या झोपडीत राहत होती, केस पांढरे झालेले, पायांना मिठानं भेगा पडलेल्या. तिनं त्याला ओळखलं, बसायला फळी दिली. महिपत म्हणाला, "सांगितलं मी. काल. मैदानात, सगळ्यांम्होरं. नारळ फोडला."

रतननं विचारलं, "काळुराम मुकादम व्हता?"

"तो कवाच गेला."

"भिवा? गंगाराम?"

"कुनी नाय ऱ्हायलं. नवी पोरं व्हती."

"त्या पोरांना म्हायती व्हतं का, आमचे हे कोन ते?"

महिपतनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग कुनाला सांगितलंत, भावजी?"

रतननं उठून त्याला पाणी आणून दिलं, आणि टोपली घेऊन ती मिठागरात उतरली, कारण ऊन वर आलं होतं आणि मीठ ओढायचं राहिलं होतं. महिपत पाणी प्यायला, त्यानं भांडं पालथं घातलं आणि गाडीची वाट बघत बांधावर बसून राहिला.